‘सॉफ्टवेअर वॉरंटीत बसत नाही’ असे सांगून परत पाठवले तर

वाचकाचे पत्र (संक्षेपाने) : “मी संगमनेरमध्ये घरूनच डीटीपीची कामे करते. नऊ महिन्यांपूर्वी ५४,००० रुपयांना लॅपटॉप घेतला. गेल्या आठवड्यात रात्री काहीतरी अपडेट झाले आणि सकाळी लॅपटॉप उघडला तेव्हा निळ्या स्क्रीनवर ४८ आकड्यांची ‘रिकव्हरी की’ मागितली जात होती. अशी की मला कधीच कोणी दिलेली नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर पाच मिनिटे पाहून सांगितले, ‘हा सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे, वॉरंटीत बसत नाही. फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, २,९५० रुपये होतील, डेटा जाईल.’ लॅपटॉपमध्ये एका विद्यार्थिनीच्या पीएच.डी.च्या प्रबंधाची मी टाइप केलेली २१२ पाने आहेत. एक वर्षाची वॉरंटी असताना मी पैसे का द्यावेत? ग्राहक न्यायालयात जावे का? आणि ती पाने परत मिळतील का?”

सप्रेम नमस्कार.

तुम्ही विचारलेल्या तीन प्रश्नांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी सर्वांत आधी देणार आहे, कारण पैशांचा आणि तक्रारीचा निकाल महिनाभराने लागला तरी चालेल, पण एकदा फॉरमॅट मारला की त्या २१२ पानांचा विषयच संपतो. म्हणून लॅपटॉप सध्या सर्व्हिस सेंटरवर असेल तर आजच फोन करा, आणि फोनवर न थांबता ई-मेल किंवा व्हॉट्सॲपवर लेखी कळवा, की माझ्या परवानगीशिवाय डिस्कवरील काहीही पुसू नये. लॅपटॉप घरी असेल तर तो कोणाकडेही ‘विंडोज टाकायला’ देऊ नका. ओळखीचा मुलगा दोनशे-तीनशे रुपयांत करून देतो म्हणाला तरी नको.

आता त्या निळ्या स्क्रीनबद्दल. ती दिसली म्हणजे लॅपटॉप बिघडला किंवा डेटा गेला असे होत नाही. तुमचा डेटा डिस्कवर जसाच्या तसा आहे. तो फक्त कुलूपबंद आहे. विंडोजमध्ये बिटलॉकर नावाची सोय आहे, जी डिस्कवरील सगळा मजकूर सांकेतिक रूपात ठेवते, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला आणि चोराने डिस्क काढून दुसरीकडे जोडली तरी त्याला काही वाचता येत नाही. रोज लॅपटॉप सुरू करताना मदरबोर्डवरील एक सुरक्षा चिप हे कुलूप आपोआप उघडते, त्यामुळे ते आहे हे वापरणाऱ्याला कळतही नाही. पण बायोसचे (लॅपटॉप सुरू करून देणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचे) किंवा विंडोजचे एखादे अपडेट झाले आणि सुरू होण्याच्या पद्धतीत काही बदलले, की त्या चिपला शंका येते आणि ती मालकाकडे किल्ली मागते. हे तुमच्या एकटीच्या बाबतीत घडलेले नाही. जुलै २०२४ मध्ये विंडोजच्या सुरक्षा अपडेटनंतर अनेक संगणकांवर हीच स्क्रीन येऊ लागली होती; मायक्रोसॉफ्टने तो दोष मान्य केला आणि पुढच्या महिन्याच्या अपडेटमध्ये दुरुस्त केला. मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या काही संगणकांवर पुन्हा असेच झाले आणि त्यासाठी वेगळे तातडीचे अपडेट काढावे लागले. त्यामुळे ‘मॅडम, तुम्हीच काहीतरी दाबले असेल’ असे कोणी म्हणाले तर मान खाली घालण्याचे कारण नाही.

घोडे अडले आहे ते किल्लीपाशी, आणि येथे थोडा तर्क लढवला तर वाट सापडते. घरगुती लॅपटॉपवर बहुधा विंडोजची होम आवृत्ती असते. या आवृत्तीत डिस्कचे हे कुलूप खऱ्या अर्थाने लागते ते कोणीतरी मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॅपटॉपवर लॉग-इन केल्यावरच, आणि त्याच वेळी ती ४८ आकडी की त्या खात्यात आपोआप जाऊन बसते. म्हणजेच तुमच्या लॅपटॉपने की मागितली याचा अर्थ, ती कोणत्या ना कोणत्या खात्यात ठेवलेली असण्याची दाट शक्यता आहे. प्रश्न इतकाच, की ते खाते कोणाचे.

येथे मला तुमच्या पत्रातील एका ओळीचा आधार घ्यावासा वाटतो. तुम्ही पुढे लिहिले आहे, की लॅपटॉप घेतला त्या दिवशी ‘दुकानातल्या मुलानेच सगळे चालू करून दिले, मला फक्त चार आकडी पिन सांगितला’. आपल्याकडे हे सर्रास चालते. गिऱ्हाईक काउंटरवर उभे असते, विंडोज ई-मेल मागते, गिऱ्हाइकाला आपला पासवर्ड आठवत नाही, मागे आणखी चार जण थांबलेले असतात, आणि मुलगा वेळ वाचवण्यासाठी स्वतःचा किंवा दुकानाचा ई-मेल टाकून मोकळा होतो. त्याच्या मनात काही वाईट नसते. पण त्या क्षणी तुमच्या डिस्कची किल्ली त्याच्या खात्यात जाते, आणि तुम्हाला कळते ते थेट नऊ महिन्यांनी, निळ्या स्क्रीनवर.

म्हणून असे करा. आधी स्वतःचे सगळे ई-मेल पत्ते आठवा. एखादा जुना, मोबाइल क्रमांकावर उघडलेला असेल तर तोही. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर त्या खात्याने लॉग-इन करून ‘डिव्हाइसेस’ विभागात पाहा. तुमचा लॅपटॉप तेथे दिसला तर त्याच्या तपशिलात रिकव्हरी की मिळते. निळ्या स्क्रीनवर ‘की आयडी’ म्हणून अक्षरे आणि आकडे दिलेले असतात, त्यांतील पहिली आठ खात्यातील आयडीशी जुळतात का ते आधी ताडून पाहा, कारण एका खात्यात दोन-तीन जुन्या कीसुद्धा असू शकतात. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत या स्क्रीनवर संबंधित खात्याच्या ई-मेलची पुसटशी खूणही दिसते, पहिली काही अक्षरे आणि मध्ये फुल्या. त्या अक्षरांवरून खाते तुमचे की दुकानाचे हे बहुधा लगेच समजेल. स्क्रीनचा नीट, आकडे वाचता येतील असा फोटो काढून ठेवा.

खाते दुकानाचे निघाले तर मूळ पावती आणि हा फोटो घेऊन दुकानात जा. फोनवर हे काम होणार नाही; समोर उभे राहूनच करावे लागेल. मालकाला शांतपणे सांगा, की लॅपटॉप चालू करून देताना तुमचे खाते वापरले गेले, त्यात माझी की आहे, ती शोधून द्या. आपल्या पोरामुळे गिऱ्हाइकाचे काम अडले आहे हे कळल्यावर बहुतेक दुकानदार स्वतःहून मदत करतात, हा माझा अनुभव आहे. त्याच वेळी त्या खात्याच्या वनड्राइव्हमध्येही (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत) डोकावायला सांगा. विंडोज पुष्कळदा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स या फोल्डरांची प्रत लॉग-इन केलेल्या खात्याच्या वनड्राइव्हमध्ये ठेवते. फुकट मिळणारी जागा ५ जीबी असली तरी २१२ पानांच्या फाइलला ती कितीतरी पटींनी पुरते. प्रबंध तेथे सापडण्याचा संभव आहे. (आणि तो तेथे सापडला, तर तुमच्या गिऱ्हाइकांचे कागद नऊ महिने एका परक्या खात्यात जमा होत होते असाही त्याचा अर्थ होतो. की हाती येऊन सगळा डेटा बाहेर घेऊन झाला, की ते खाते लॅपटॉपवरून काढून आपले लावणे आणि तेथील प्रती समोर बसून पुसून घेणे, ही दोन कामे उरका.)

की कोठेच मिळाली नाही तर मात्र मला तुम्हाला खोटी आशा दाखवायची नाही. मायक्रोसॉफ्टही ती नव्याने तयार करून देऊ शकत नाही, आणि ‘आम्ही बिटलॉकर तोडून देतो’ म्हणून पाच-दहा हजार मागणारे लोक तुमच्या अगतिकतेवर पैसे कमावतात. तशा वेळी इतर ठिकाणी शोधा : विद्यार्थिनीला व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफ, मार्गदर्शकांना गेलेले ई-मेल, प्रिंट काढायला दिलेला पेनड्राइव्ह. टंकलेखनाच्या कामात प्रकरणागणिक प्रती बाहेर गेलेल्या असतात. २१२ पैकी दीडशे पाने अशी हाती लागली तर उरलेली पुन्हा टाइप करणे आवाक्यातले आहे.

की मिळाली आणि विंडोज उघडले, तर पहिले काम सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घेणे. दुसरे काही करायला जाऊ नका, अँटिव्हायरसही चालवू नका. की टाकूनही विंडोज सुरू होत नसेल, तर सुरू होत असतानाच पॉवर बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करायचा, असे लागोपाठ दोन-तीन वेळा केले की दुरुस्तीची निळी स्क्रीन येते. तेथे ‘ट्रबलशूट’ आणि मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ आहे. ज्या अपडेटनंतर हे झाले ते काढून टाकल्यावर अनेकदा गाडी रुळावर येते. ‘रिसेट धिस पीसी’ हा पर्याय डेटा हाती येईपर्यंत निवडू नका, त्याखाली ‘कीप माय फाइल्स’ लिहिलेले असले तरीही.

आता वॉरंटीकडे वळू. सर्व्हिस सेंटरने तुम्हाला जे सांगितले ते कागदावर खोटे नाही. जवळपास प्रत्येक लॅपटॉप कंपनीच्या वॉरंटीत सुटे भाग आणि ते बसवण्याची मजुरी येते आणि सॉफ्टवेअर स्पष्ट शब्दांत वगळलेले असते. मला आक्षेप आहे तो ‘पाच मिनिटे पाहून’ या शब्दांना. लॅपटॉप सुरू होत नाही हे लक्षण आहे, त्याचे कारण सॉफ्टवेअरमध्येही असू शकते आणि डिस्कमध्ये, रॅममध्ये किंवा मदरबोर्डमध्येही असू शकते, आणि यांतले काय हे नुसते बघून ठरत नाही. एसएसडी, म्हणजे लॅपटॉपमधली डिस्क, खराब होऊ लागली की विंडोजच्या फाइली बिघडतात, अपडेट अर्धवट राहतात, निळ्या स्क्रीन येतात. वरवर सगळे सॉफ्टवेअरचेच भासते. फॉरमॅट मारला की डिस्कच्या चांगल्या भागावर विंडोज बसते, दोन-तीन महिने बरे चालते, आणि पुन्हा तेच होते.

हे मी पुस्तकी सांगत नाही. माझ्या थोरल्या भावाचा लॅपटॉप वॉरंटीत असताना एका सर्व्हिस सेंटरने दोनदा ‘सॉफ्टवेअर’ म्हणून पैसे घेऊन फॉरमॅट केला. तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा वॉरंटी संपून एकोणीस दिवस झाले होते. त्या वेळी कोणीतरी डिस्कची चाचणी केली आणि ती नापास झाली. नवीन डिस्क भावाने पदरमोड करून घेतली. पहिल्याच खेपेला चाचणीचा कागद मागितला असता तर तीच डिस्क विनामूल्य बदलून मिळाली असती, आणि तो कागद मागायला मीही विसरलो, याची खंत मला आजही आहे. तुमच्या हातात अजून तीन महिने आहेत.

म्हणून डेटा हाती आल्यावर हार्डवेअरची चाचणी करून घ्या, आणि ती तुम्ही घरीही करू शकता. कंपन्या लॅपटॉपच्या बायोसमध्येच तपासणीचा प्रोग्रॅम देतात. त्याला विंडोज लागत नाही आणि बिटलॉकरचे कुलूपही आड येत नाही. लॅपटॉप सुरू करताक्षणी एचपीच्या बहुतेक मॉडेलांवर एफ-२, डेलवर एफ-१२ आणि लेनोवोच्या बऱ्याच मॉडेलांवर एफ-१० दाबत राहिले की तो उघडतो. आधी छोटी चाचणी आणि मग डिस्क व मेमरीची सविस्तर चाचणी लावा. सविस्तर चाचणीला काही तास लागू शकतात, तेव्हा चार्जर लावून ठेवा. चाचणी नापास झाली तर स्क्रीनवर एक सांकेतिक क्रमांक येतो, त्याचा फोटो घ्या. तो क्रमांक हातात असला की सर्व्हिस सेंटरला ‘सॉफ्टवेअर’ म्हणून हात वर करता येत नाहीत, कारण मग निदान कंपनीच्याच प्रोग्रॅमचे असते. एक काळजी घ्या : बायोसमधील ‘टीपीएम’ (हीच ती सुरक्षा चिप) किंवा ‘सिक्युअर बूट’ या शब्दांच्या आसपासचे काहीही बदलू नका, नाहीतर बिटलॉकर पुन्हा किल्ली मागेल.

सर्व्हिस सेंटरला गेलात तर जॉबशीट (तक्रार आणि कामाची नोंद असलेला कागद) घेतल्याशिवाय लॅपटॉप सोडू नका. तिच्यावर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या : ‘आपोआप झालेल्या अपडेटनंतर रिकव्हरी की मागते, डिस्क व मेमरीची चाचणी करून निष्कर्ष लेखी द्यावा, डेटा पुसू नये.’ काउंटरवरचा माणूस त्याऐवजी ‘ओएस इश्यू’ एवढेच दोन शब्द टाकून सही मागेल. त्या दोन शब्दांवर सही केलीत, तर उद्या डिस्क नापास झाली तरी तुमची मूळ तक्रार कागदावर कोठेच दिसणार नाही. वॉरंटी नाकारत असतील तर कोणत्या कलमानुसार, हेही त्याच कागदावर मागा. आवाज चढवण्याची गरज नाही; लिहून दिल्याशिवाय मी येथून जाणार नाही, एवढे बसून सांगितले तरी पुरते.

चाचणीत सगळे ठीक निघाले आणि दोष खरोखर सॉफ्टवेअरचाच ठरला, तरी २,९५० रुपये देणे भाग आहे असे नाही. ही रक्कम बहुधा २,५०० अधिक १८ टक्के जीएसटी अशी आहे, आणि ज्या कामासाठी ती आहे त्याला लागणारे जवळपास सगळे फुकट उपलब्ध आहे. लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजचे पैसे तुम्ही ५४,००० रुपयांतच दिलेले आहेत. तिचा परवाना त्या लॅपटॉपच्या हार्डवेअरशी बांधलेला असतो, त्यामुळे तीच आवृत्ती पुन्हा टाकली की इंटरनेट जोडल्यावर ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. ‘ओरिजिनल विंडोजचे वेगळे पैसे पडतील’ असे कोणी म्हणाले तर तेथून निघा. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज घेता येते, आणि डेल, एचपी, लेनोवो यांच्यासारख्या कंपन्या लॅपटॉपच्या सीरियल क्रमांकावरून ड्रायव्हरसह मूळ विंडोजही डाउनलोड करू देतात. एवढा खटाटोप झेपणार नसेल तर माहीतगाराला चार-पाचशे रुपये मजुरी जरूर द्या, पण पेनड्राइव्ह तुमचा आणि विंडोज अधिकृत असू द्या. गल्लीतल्या ‘क्रॅक’ विंडोजबरोबर काय काय येते हे डीटीपीवाल्यांनी तरी अनुभवलेले आहे.

त्याआधी कंपनीच्या ग्राहक सेवेला एक ई-मेल मात्र टाका. लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजच्या परवान्यात मदतीसाठी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीकडे जावे असे लिहिलेले असते. तेव्हा ‘सॉफ्टवेअर आमचे नाही, मायक्रोसॉफ्टला विचारा’ हे उत्तर पुरेसे नाही. ई-मेलमध्ये खरेदीची तारीख, सीरियल क्रमांक, घटनाक्रम आणि जॉबशीटचा फोटो द्या, आणि वॉरंटीत सॉफ्टवेअर येत नसले तरी आपोआप झालेल्या अपडेटनंतर उद्भवलेला बिघाड विनामूल्य दुरुस्त करावा अशी विनंती करा. सर्व्हिस सेंटर नाही म्हणते ते पुष्कळदा कंपनीचे मुख्य कार्यालय सद्भावना म्हणून करून देते.

त्याने काही झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तेथे मराठीत बोलता येते. ही हेल्पलाइन निवाडा देत नाही, तक्रार कंपनीपुढे मांडून तडजोडीचा प्रयत्न करते; पण सर्व्हिस सेंटरवरून अडलेला विषय त्यामुळे वरच्या टेबलावर जातो.

आणि ग्राहक न्यायालय, म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, म्हणजे अहिल्यानगरच्या आयोगाकडे तक्रार करू शकता. कंपनीचे कार्यालय बंगळूरला किंवा दिल्लीला असले तरी तेथे जावे लागत नाही. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते आणि मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. दार उघडे आहे. पण आत जाऊन काय मागायचे, यावर सगळे अवलंबून आहे.

केवळ ‘अपडेटनंतर विंडोज बंद पडले, म्हणून नवा लॅपटॉप द्या’ ही मागणी माझ्या मते टिकणार नाही. वॉरंटीत सॉफ्टवेअर वगळलेले आहे, डिस्क ठीक आहे आणि दोष दुरुस्त होण्यासारखा आहे, असे कंपनी म्हणेल, आणि त्याला उत्तर देणे अवघड जाईल. २,९५० रुपयांसाठी तारखांना हेलपाटे घालण्यात तुमची कमाई बुडेल ती वेगळीच. याउलट दोन परिस्थितींत मी तुम्हाला तक्रार करा असे आग्रहाने सांगेन. डिस्क चाचणीत नापास झाली असूनही कंपनी ती वॉरंटीत बदलून देत नसेल, तर ती पहिली. दुकानदाराने आपल्या खात्यातील की मागूनही दिली नाही आणि त्यामुळे तुमचा डेटा गेला, तर ती दुसरी; कारण ग्राहकाला आवश्यक असलेली माहिती जाणूनबुजून न देणे हे या कायद्यात सेवेतील त्रुटीच्या व्याख्येतच येते, आणि लॅपटॉप चालू करून देणे हा त्या विक्रीचाच भाग होता असे तुम्हाला म्हणता येईल. दोन्ही वेळा तुमची बाजू उभी राहील ती पावती, जॉबशीट, चाचणीचा फोटो आणि लेखी पत्रव्यवहार यांवर, म्हणून हे सगळे आजपासून एका फोल्डरमध्ये ठेवा.

की मिळाल्यावर ती कागदावर लिहून लॅपटॉपच्या पावतीलाच टाचा. ४८ आकडे आहेत, सहा-सहाच्या आठ गटांत. लिहून झाल्यावर एकदा मोठ्याने वाचून ताडून घ्या. एका आकड्याची चूकही चालत नाही.

शेवटी, त्या विद्यार्थिनीला तुम्ही अजून काही सांगितलेले नाही असे पत्रावरून वाटते. पाने परत मिळतील आणि तिला कळणारही नाही, ही तुमची आशा मी समजू शकतो, पण तिला आजच फोन करा. कोणते प्रकरण तिच्याकडे पीडीएफमध्ये आहे, मार्गदर्शकांकडे काय गेले आहे, सादर करण्याची तारीख कधी आहे, हे तीच सांगू शकेल, आणि तारीख जवळ असेल तर तिला विद्यापीठाशी बोलायला वेळ मिळेल. त्यानंतर पावती घेऊन दुकानात जा.